माशी

टोलीडोच्या कडेला, टायरच्या दुकानामागे रेंज.
तासाला अठरा डॉलर, कान झाकायचं फुकट.
वेंडेल म्हणतो, घेण्याआधी झाडून बघ,
जुन्या मालाला विचारायची लाज कसली.

पिस्तूल इवलंसं. तीन बोटांतच संपतं,
करंगळी खाली लोंबते
पंगतीत पान न मिळाल्यासारखी.
मुठीची खरखर एका जागी गुळगुळीत:
कुणाचा तरी अंगठा इथे
वर्षानुवर्षं नुसताच टेकून होता.
आणि पुढच्या टोकाला, ज्याला
पोलिसातले आमचे मामा माशी म्हणत,
नारिंगी नेलपॉलिशचा ठिपका.

पहिल्या सहा गोळ्या खाली, डावीकडे.
कुठे माशी शिंकली? मी पुटपुटले,
आणि काचेच्या चष्म्याआड एकटीच हसले.
वेंडेल म्हणाला, ते सरळच मारतं.
तू आवाजाच्या आधी दचकतेस.

सातवीचं पितळ उडून कॉलरमध्ये शिरलं.
चटका. दचकायचं राहूनच गेलं,
आठवी कागदाच्या मधोमध.

कुणाचं होतं?
एका नर्सचं, रात्रपाळीच्या.
का विकलं, ते त्याने विचारलं नव्हतं.

ठिपका पुसून देतो, म्हणाला.
घेते असं मी अजून म्हटलंही नव्हतं.
नको, म्हटलं. राहू दे.