सरवा

हार्डडिस्क तन्वीरच्या दुकानात निघाली,
मेनरोडला, मेलेल्या चार्जरांच्या खोक्यात,
वर चिकटपट्टी, तिच्यावर त्याचंच अक्षर: नको ते.
सहा वर्षं ती तिथं पडून
आणि आम्ही विचारेल त्याला सांगायचो,
एक अल्बम झाला, संपलं.

पाच गाणी होती. एक उघडलंच नाही.

पहिलं टाकलं होतं देवळालीच्या तोफांमुळे.
अंबडचा तो गाळा, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना,
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
रात्री मशीन थांबलं की आमचं सुरू.
दुसऱ्या कडव्यात लांबून धप्प. मग पुन्हा धप्प.
सायमन म्हणाला, माझ्यापेक्षा तालात आहेत.
तरी टाकलं.
तेव्हा आम्हाला सगळं स्वच्छ हवं होतं.

दुसऱ्यात नयना मधेच हसते.
कशाला, ते आता तिलाही आठवत नाही.
तिसरं सात मिनिटांचं, त्यातली चार माझी:
जानेवारी, बोटं बधिर,
बेसवर एकच स्वर धरून बसलोय
आणि मला वाटतंय काहीतरी खोल चाललंय.
चाललं नव्हतं.
पण ऐकताना पुढेही ढकलवत नाही.

चौथ्याला शब्दच नाहीत.
नयना नुसतं दा वा दा ना रे, दा वा दा ना रे
करत चाल भरत जाते.
शब्द नंतर घालू, असं ठरलेलं.
नंतर तिची बदली धुळ्याला,
सायमन मस्कतला,
शरणपूरच्या त्याच्या घरात ड्रमवर इस्त्रीचे कपडे.

नयना म्हणाली, पुन्हा गाते, तेव्हा आवाज कच्चा होता.
तन्वीर म्हणाला, आता पिकलाय म्हणून कुणी सांगितलं?
दोन दिवस बोलले नाहीत एकमेकांशी.
मी मधे पडलो नाही. माझं कामच हे:
पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये कडी लावून मणी मोजतो,
अठरा मिलिमीटरच्या आत तो परदेशी जात नाही.
गोडीला माझ्या वहीत रकाना आहे,
पण तो कडीच्या नंतर येतो.

नावावरून पुन्हा वाद.
मी म्हटलं, बेदाणे.
तन्वीर म्हणाला, बेदाणे मुद्दाम वाळवतात,
आपण नुसते विसरलो होतो.
मग नयनाच म्हणाली, सरवा.
म्हणजे?
म्हणजे कापणी झाल्यावर शेतात सांडलेली कणसं.
आत्या वेचायची दुसऱ्याच्या रानात,
धनी बघून न बघितल्यासारखं करायचा.
तन्वीरने गिटार खाली ठेवली. ठरलं.

चार गाणी, एकोणीस मिनिटं.
काही कापायचं नाही, काही झाकायचं नाही,
तोफाही राहू द्यायच्या.
गुरुवारी निघालं. शुक्रवारी काही झालं नाही.
शनिवारी सायमनचा फोन, मागे वारा, कुठल्यातरी साइटवरचा.
अरे, सुरुवातीचं कापायचं राहिलं की,
माझं ते, एक, दोन, साडेतीन, चार.
म्हटलं, राहिलं नाही. ठेवलंय.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, ड्रमवरचे कपडे काढायला सांगतो आईला.
येणार आहे का, ते बोलला नाही.

सोमवारी पॅकहाउसला
माझ्या फोनवर चौथं लागलं होतं, हळू,
वजनकाट्याशेजारी.
टेबलावरच्या बाया पेट्या भरत होत्या.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्वारकाबाई गुणगुणायला लागल्या,
मग तिकडून सखुबाई.
शब्द ओळखीचे वाटेनात.
विचारलं, काय म्हणताय मावशी?
त्या म्हणाल्या, आम्ही कशाला म्हणू आमच्या मनाचं,
ती पोरगीच म्हणते की,
दावा दाना रे, दावा दाना रे,
इतकं साफ तर म्हणते.