चौथ्या भागातला शर्ट

मी सिनेमा अर्धा बघते, अर्धा ऐकते.
मोबाईल बॉबिनच्या डब्याला टेकवलेला,
हातात कुणाच्या तरी साडीचा फॉल.
मारामारी आली की मान वर,
गाणं आलं की सुई.
त्यामुळं माझं मत कितपत धरायचं
ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्या आठवड्यातला तो मोठा, जंगलातला :
नायक तीन दिवस ओढ्यानाल्यातून पळायलाय
आणि कॉलर उभीच.
असली खळ सेलूत कुणाकडं मिळत असंल तर सांगा.
बाकी बरा होता. हत्ती चांगला होता.

दरबाराचा एक लावला, तो मी बंद केला.
चारशे वर्षांमागची राणी, आणि पाठीला चेन.
ह्यांना दिसली नाही.
ह्यांना तलवारी दिसल्या.

पण ती कोरियातली, सोळा भागांची,
सुनेनं खालची अक्षरं वाचून दाखवायचं
मधेच सोडलं, तरी मी रडले.
त्यातली सासू भांडणानंतर
सुनेच्या कोटाचं लोंबतं बटन लावते, न बोलता,
आणि दोरा दातानं तोडते.
दातानं!
तिकडं पण कात्री वेळेला सापडत नाही म्हणायची.

आता आमची.
आमची म्हणजे इथलीच. पोळ्यानंतर
महिनाभर त्यांच्या गाड्या उभ्या होत्या जिनिंगच्या मागं.
बारीक केसांची एक पोरगी दुकानात आली,
जुने कपडे मागायलती.
"वापरलेले नकोत काकू, जगलेले."
शब्द आवडला मला. दीडशे रुपयांत
ह्यांचा राखाडी चौकड्याचा शर्ट दिला,
अकरा वर्षं जिनिंगमधे घातलेला,
धुऊन धुऊन सरकीचा वास न गेलेला.
खांद्याला, कोपराला, खिशाखाली
माझा रफू.
उलटा करून उन्हात धरला तरच सापडंल असा.

मालिका आली. सगळे बसलो,
शेजारच्या नसरीनभाभी चष्मा पुसून बसल्या.
पहिल्याच भागात आभाळ पिवळं.
आमच्यावरच्या आभाळाला ह्या लोकांना
कायम कावीळ झालेली का दिसती?
तेव्हा कापूस कमरेला आलता,
मी चहा घेऊन गेलते की तिथं.
आणि भाषा म्हणाल तर
एकजण साताऱ्याचं बोलायलाय, एक नागपूरचं,
मधेमधे 'लई' शिंपडलं की झाला मराठवाडा.

चौथ्या भागात शर्ट आला.
एका म्हाताऱ्याच्या अंगात.
ह्यांनी मला कोपरानं ढोसलं.
पण खांद्यावर हे एवढं ठिगळ, लाल,
फताड्या दातांसारखे टाके.
माझा रफू उसवून भोक पाडलेलं,
भोक पाडून वर झाकलेलं.
जे दिसू नये म्हणून मी
चिमणीपासून ट्यूबलाईटपर्यंत डोळे मोडले
ते त्यांना दिसायलाच पाहिजे होतं.
गरिबी लांबून ओळखू आली पाहिजे,
नाहीतर माणूस नुसता माणूस वाटतो.

म्हातारा मेला.
सरपंचाच्या माणसानं ढकललं,
मग तो पडतच राहिला, सावकाश,
मागं सारंगी वाजायलती.
हे म्हणाले, "मी काई असा पडलो नसतो."
"मग कसा?"
"आधी चष्मा सांभाळला असता."

सगळे हसले.
नसरीनभाभी हसल्या नाहीत.
त्यांच्या अब्बांचं रफूचंच काम होतं परभणीला.
म्हणाल्या, "जरा पीछे ले ना बेटा, वहीं, रोक."
सुनेनं थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं.
म्हातारा हवेत, अर्धा पडलेला,
खिशाखाली चौकडीला चौकडी जुळलेली,
राखाडीत राखाडी.
"ये उन को मिलाइच नहीं," भाभी म्हणाल्या.

काम कसं वाटलं विचाराल तर
त्या म्हाताऱ्यानं बरं केलं, पण घाईघाईत.
पाचवा भाग अजून बघितलेला नाही.
ह्यांचं म्हणणं,
आता त्यात काय राहिलंय.