कमरेला खोचलेल्या चपला

केरेनच्या सोमवारच्या बाजारात,
कोरड्या नदीत जिथे उंट बसवतात
त्याच्या थोडं अलीकडे
लेतेब्रहान कांदे विकते.
डावा पाय जरा फेंगडा टाकते.
गिऱ्हाईक घासाघीस करतं, तिच्या तोंडाकडे न बघता.

मी बघतो.
त्या रात्री मी तिच्या मागे होतो, अकरा पावलांवर.
मोजली होती,
मोजणं सोडलं की पोटात कालवायचं.

साहेलचे डोंगर. आमचा खंदक, त्यांचा खंदक,
मधे एक उतार,
काटेरी बाभळींनी आणि मागच्या तीन हल्ल्यांतल्या
आमच्याच माणसांनी भरलेला.
वर एक मशीनगन.
ती खोकली की आमच्यातलं कुणीतरी कमी.
ओक्बाझगीने वाळूत बोटाने रेघ ओढली :
"इथून. पुढे एकानं, मागे एकानं. चंद्र मावळला की."
कुणी पुढे झालं नाही.
लेतेब्रहानही झाली नाही, शपथेवर सांगतो.
ती मसुराचं भांडं घासत होती.
घासून झालं, हात पुसले,
मग उठली.

निम्म्या उतारावर तिच्या शिदाचा पट्टा तुटला.
शिदा, म्हणजे आमच्या काळ्या प्लॅस्टिकच्या चपला,
डोंगराच्या पोटात लपवलेल्या कारखान्यात ओतलेल्या.
दुसरा जोड कधी मिळेल, कुणी सांगायचं?
डोक्यावरून गोळ्या चालल्या होत्या
आणि ती थांबली.
खाली बसून दोन्ही चपला काढल्या,
कमरपट्ट्यात खोचल्या, नीट,
आणि अनवाणी सुटली काट्यांतून.

जीव मुठीत धरून धावली, असं लोक सांगतात.
मुठीत ग्रेनेड होता.
जीव कमरेला होता, त्या तुटक्या जोडीत.

मग एक आवाज झाला
आणि एक आवाज व्हायचा थांबला.
याहून नीट मला सांगता येत नाही.

मी वर पोचलो तेव्हा ती गोळ्यांच्या पेटीवर बसून
त्यांच्याच शेगडीवर संगिनीचं टोक तापवत होती.
पट्टा वितळवून चिकटवला, फुंकर घातली.
जळक्या प्लॅस्टिकचा वास.
टाचांतून रक्त, तिकडे लक्ष नाही.
शेजारी तोफची. ओठांवर लव.
पायात चामड्याचे बूट, जवळजवळ नवे.
"घे," मी म्हणालो, "तुझ्याच मापाचे आहेत."
ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.
उजव्याची नाडी सुटलेली,
घाईत उठला असणार.
तिने गुडघे टेकले, नाडी बांधली,
दुहेरी गाठ, ओढून, पक्की.
मग स्वतःच्या चपला घातल्या
आणि मला म्हणाली, "धर, मशीनगन जड आहे."

गेल्या वर्षी शाळेची मुलं आली होती, वह्या घेऊन.
भीती नाही वाटली?
"वाटली की. चपला पडतील म्हणून."
मुलं हसली, लिहून घेतलं.
बाईंनी बहुधा ते खोडायला लावलं असेल.

टाचेतला एक काटा अजून निघालेला नाही.
थंडीत बोलतो, म्हणते.

मी एक किलो कांदे घेतो. घरी आहेत तरी.
ती तराजूत एक जास्तीचा टाकते,
पैसे मोजते, खाली बघते,
माझ्या पायांकडे.
"नाडी," म्हणते.