काटा

माझा बाप जिनिंगवर मापारी होता
अन् रविवारी मंडळीचा वडील.
गाडी काट्यावर चढायची, तो सुई पाहायचा,
हात वर करून म्हणायचा, "उतरवा."
त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

शब्बाथशाळेत त्यानं आम्हाला खंडणी शिकवली:
पाप तुमचं, दंड त्याचा, पारडं बरोबर.
मी नऊ वर्षांची. विचारलं,
"पण बाबा, खंडणी घेतो कोण?"
पेपरात हा शब्द गुंडांच्या बातमीत यायचा.
त्यानं खडू खाली ठेवला.
म्हणाला, पुढच्या रविवारी सांगतो.

पुढचा रविवार यायला सदतीस वर्षं लागली.

तोवर जिनिंग बंद. पत्रे गेले.
भंगारवाल्यानं काटा उचलला
तर खालून निघाला शिशाचा गोळा,
क्विंटलमागे पावणेदोन किलो खाणारा.
"तुले मालूम होतं?"
बाबा कितीतरी वेळ चप्पल झटकत राहिला.
"अकरा हंगाम," म्हणाला.

मग ट्रंकेतून वही निघाली.
मी लुना चालवायची, तो मागे, वही छातीशी.
अर्धे लोक मेलेले.
कोणी हसलं, कोणी चहा ठेवला,
एकाच्या पोरानं नोटा मोजल्या अन् म्हणाला, व्याज?
बाबानं व्याजही दिलं.
उलट तिथून निघताना तो जरा हलका वाटला मला.

अडाणच्या पलीकडे कवतिकाबाई ठोकळ.
अंगणात मोहफुलं पसरत होती.
पैसे पाहिले, हात पुसला नाही.
"ठेव तिकडं. आंधी वाच."
त्यानं वाचलं: साल, तारीख, चार गाड्या,
चौदा क्विंटल, साडेचोवीस किलो कमी.
"आणखी वाच."
तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला.
"त्या साली वेणूचं वसतिगृह भराचं होतं," ती म्हणाली.
"नाई भरलं. घरी आणली पोरगी. लगन लावून देल्लं.
साडेचोवीस किलो म्हंजे थे."

एक कोंबडी फुलांत शिरली. कोणी हाकलली नाही.

"सांगा, काय भरू?"
"तू काय भरशीन बाप्पा?
भरलं ना म्या. तवाच.
इतके सालं भरूनच राह्यली.
आता सोडतो म्हंजे काय, थे दिवस माघारी येते का?
ज्याचं गेलं, त्यालेच भरा लागते,
मंगच त्याले सोडता येते.
पण वहीत खोडू नको.
साडेचोवीसच राहू दे."

काट्यानं काटा काढतात म्हणे.
तिनं तसलं काही केलं नाही.
आत गेली, भाकर अन् ठेचा आणला,
अन् समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून,
तो जेवेपर्यंत.
एवढा कडक न्याय मी कुठल्या कोर्टात पाहिला नाही.
घास त्याला गिळवत नव्हता.
ती हलत नव्हती.

यंदा उत्तम शुक्रवारी
देवळात लाइट नव्हती, पंखे थांबलेले,
बाहेर पळसाची शेवटची फुलं धुळीत.
नवे पाळक, नहेम्या सर, सांगत होते
न्यायाधीशाची गोष्ट:
स्वतःच्या मुलाला दंड ठोकला,
मग खाली उतरून स्वतःच्या खिशातून भरला.

तिसऱ्या बाकावरून बाबा म्हणाला, "कोणाले?"

पाळक थांबले. मी त्याचा सदरा ओढला.
तो उठला. एक्याऐंशी वर्षांचा,
बाकाला धरून.
"भरला म्हणता. कोणाले भरला?
ज्याची चोरी झाली, तो तर..."
पुढचं त्याला जमेना.
ओठ हलत राहिले. बायका पदरानं वारा घेत पाहत होत्या.
त्यानं भिंतीवरच्या लाकडाकडे पाहिलं,
सुई पाहायचा तसं, डोळे बारीक करून,

अन् हात वर केला.
"उतरवा," म्हणाला.