पावतीच्या मागचा नकाशा

ठिबकच्या कंपनीनं मला पाठवलं होतं
अकरा महिने, द्राक्षाच्या मळ्यांत नळ्या अंथरायला.
तिबिलिसी. नाव जिभेवर बसायलाच आठवडा गेला.
फैजपुरात लोक विचारायचे,
हे अमेरिकेच्या अलीकडे की पलीकडे?

मळ्यापासून व्हॅननं दोन तास.
पहिल्याच रविवारी जुन्या वस्तीत
जमिनीतून वर आलेले विटांचे घुमट दिसले,
खाली हमामखाने, ऊन पाणी आपोआप वाहणारं,
आणि मला अडावदजवळचं उनपदेव आठवलं,
खरजेसाठी आईनं तिथे बुडवून काढलेलं माझं अंग.
इतक्या लांब येऊन पाणी ओळखीचं निघालं
म्हणून मी जरासा रडलो.
मग लाजलो.
मग पाठ घासून घेतली.

शहरावर जीव असा बसतो का, मला विचारू नका.
माझं लग्न मामांनी ठरवलेलं,
ह्या बाबतीत अनुभव कमी.
सत्तेचाळीस रविवार आले माझ्या वाट्याला
आणि एकही मी झोपून घालवला नाही, एवढंच सांगतो.
तळघरातल्या भट्टीच्या भिंतीवर
पाव थापणारी नाझिको नावाची म्हातारी होती,
खापरावर मांडा टाकावा तशी तिची मनगटं.
मोडका पाव ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची.
आम्हाला एकमेकांचे चारच शब्द येत होते,
त्यांतले दोन आकडे.

आता सावदा रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
इथली पोरं तिकडे डॉक्टरकी शिकायला जाऊ लागली,
आणि कुणीतरी सांगतं, आधी त्या भंगाळ्यांना भेट.
रोझोद्याच्या फिरक्यांची डिंपल आली,
मोहराळ्याचा इक्बाल तडवी आला बापाला घेऊन,
बाप सगळा वेळ उभाच.
मी केळीच्या वजनकाट्याची पावती उलटी करतो,
आधी नदी काढतो. मग पूल.

सांगतो, तिथली गाडी जमिनीखाली इतकी खोल
की सरकत्या जिन्यावर एक लाडू खाऊन होतो.
कुत्र्यांच्या कानाला बिल्ले असतात,
ती मोजलेली आहेत, भिऊ नका.
कळण्याचं पीठ नेऊ नका, कीड लागते.
वांगं मिळतं, पण त्यात ते अक्रोड भरतात.
खा. नावं ठेवू नका.
कुणी वाइनची सुरई पुढे केली
तर तुम्ही जाणा. मी कुणाच्या घरी सांगणार नाही.

प्रमिला आतून चहा आणते, कप ठेवते, जाते.
तिला पासपोर्ट नाही.
विमान म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो.

ह्या भाद्रपदात मला टायफॉइड झाला.
पडल्या पडल्या ऐकलं, वाघझिऱ्याची सेवंती बारेला आलीय,
पाड्यातली पहिलीच,
आणि मी उठायच्या आत ओट्यावर प्रमिलाचा आवाज:
‘पूल वलांडला का मंग डाव्या हाताले वयजो.
पावाचा वास आला का समज बरोबर चालली.
तठून चौथ्या गल्लीत वाट चुकते.
चुकू दे.
हे बी चुकले होते, तव्हाच त्याइले
जर्दाळूचं झाड दिसलं.’

जर्दाळूचं झाड
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
झोपेत बोललो असेन, तीस वर्षांत कधीतरी.

मग ती पावती घेऊन माझ्या खाटेशी आली,
पाह्यजो बरं एकदा, पोर लांब चालली.
पाहिलं. गल्ल्या बरोबर. भट्टी बरोबर.
फक्त नदी तिनं काढली होती तापीएवढी,
काठापासून काठापर्यंत पुराची,
आणि माझा तो छोटा पूल
अर्ध्या पाण्यातच संपत होता.

दारात सेवंती, हातात पिशवी.
मी पेन मागितलं
आणि पूल लांब केला.