पत्र्याची भोकं

विश्रामबागेतून तीस रुपयांना आणलेला
पुठ्ठ्याचा चष्मा एकच,
आणि घरात माणसं पाच.
त्यातली तिघं बघणार नव्हतीच.

आईनं आदल्या रात्री
पाण्याच्या पिंपात, दुधात,
लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तुळशीपत्र ठेवलेलं.
नलूला सातवा.
तिची सुई, कात्री, नेलकटर
सगळं कपाटावर, पंचांगाखाली.
फॉल लावायच्या चार साड्या तशाच घडीत.
"अकरापतूर पडून ऱ्हा. काय कापू नगं, काय मोडू नगं."
"आणि शिंक आली तर?"
आई हसली नाही.
खिडकीच्या फटींत जुन्या धोतराचे बोळे कोंबत राहिली.

अण्णा म्हणाले, मीही आतच.
तीस वर्षं यार्डात हळद तोललेला माणूस,
अजून नखांच्या कडेला पिवळा.
"ऑगस्टात मुजावरांच्या गच्चीवर बसून
दोन दिवस बघतच होतो की.
आता बघायचं ऱ्हायलंय काय?"

त्याच गच्चीवर मी आणि शर्वरी.
मुजावरचाचा मशिदीत गेलेले,
ग्रहणाचीही नमाज असते म्हणाले.
समोर कृष्णा, खाली गेलेली, गरीब गाईसारखी.
आयर्विनच्या खांबावरचे फुटांचे आकडे
पार तळापर्यंत उघडे.
शर्वरीनं चष्मा लावला, म्हणाली,
"बाबा, उंदरानं खाल्लाय."
मग माझी पाळी, मग तिची,
मग परत तिचीच.

नऊ वाजून गेले तसं
उन्हातली हळद कुणी पाखडून नेल्यागत झालं.
ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं.
आमच्या सावल्यांना धारदार कडा आल्या.
खाली गल्लीत कुणीतरी ओरडत गेलं,
"दे दान, सुटं गिराण."
शर्वरी पाणी प्यायला म्हणून पळाली
आणि खालनं तिची हाक आली,
अशी की मी चष्मा गच्चीवरच विसरलो.

आत अंधार.
आणि पलंगामागच्या भिंतीवर
सतरा-अठरा सूर्य.
खाल्लेले. सगळे एकाच बाजूनं.
करंज्या मांडल्यासारखे.

पूर ओसरल्यावर जुनेच पत्रे परत ठोकलेले,
नवे खिळे नव्या जागी,
जुनी भोकं तशीच.
रोज सकाळी त्यांतून रुपयाएवढी उन्हं भिंतीवर पडतात,
कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं.
बोळे खिडकीला होते.
आभाळाला कोण बोळा लावणार?

सूर्य वर चढत होता, म्हणून कोरी खाली उतरत होत्या.
पाण्याची ती तपकिरी रेघ,
दोनदा चुना मारूनही न गेलेली,
एकेकीनं ओलांडली
आणि जिथं ऑगस्टात पाणी उभं होतं
तिथं, पाण्याच्या आत गेल्यासारख्या, थरथरत राहिल्या.
अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते.
मघापासनं बघतच होते, ते आत्ता कळलं.

मग एक कोर पलंगावर आली.
उशी, नलूचं कोपर,
आणि मग पोट.
नलू हलली नाही. श्वास तेवढा वरखाली,
त्याच्याबरोबर ती कोरही.
"आई गं," नलू म्हणाली, "बघ की."

आई उठली.
मला वाटलं चादर ओढेल, ओरडेल,
पत्र्यांना, आम्हाला, नशिबाला.
तिनं नुसता हात मधे धरला.
कोर तिच्या पालथ्या हातावर बसली,
शिरांवर, भाजल्याच्या डागावर.
ती सरकेल तसा हात सरकवत
आई पलंगाच्या कडेला बसून राहिली.
कुणी घड्याळ बघितलं नाही.
हातावरची करंजी भरत भरत
भाकरी झाली.

"सुटलं," अण्णा म्हणाले.
आई हात झटकून उठली,
पिंपातलं पाणी मोरीत ओतलं, बंब पेटवला,
पहिली आंघोळ नलूची.
शर्वरी चष्मा शोधायला वर पळाली.

अण्णा अजून छताकडं बघत होते.
"पावसाच्या आत पत्रे बदलाय पाहिजेत," म्हणाले.
मोरीतनं तांब्याचा आवाज येत होता.
हो, असं कुणी म्हणालं नाही.