पिरंटर गिळायलंय

एप्रिलची दुपार, वसमतचा मोंढा.
कीबोर्डच्या फटीत हळदीची धूळ,
काट्यावर ट्रॅक्टर उभा,
आणि पावती अर्धीच निघते.
नाव येतं, वजन येतं,
रक्कम आतच राहते.

मदतीची पानं उघडते.
कुणीही लिहावं, कुणीही खोडावं अशी ती जागा,
साऱ्या काट्यांवरच्या माणसांनी मिळून भरलेली,
दोरी दिसेल तिथं धुणं टाकावं तशी.

शोधते : पावती.
त्रेचाळीस पानं.
पावती छपाई.
पावती छपाई नवीन.
पावती छपाई नवीन, हेच वाचा.
आत एकच ओळ : जुनं पान बघा.
जुन्या पानावर : हे पान आता जुनं झालं.

शोधते : प्रिंटर.
हंबर्डे साहेबांचा निबंध येतो,
व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे.
मध्येच एक लाल शब्द, कागद अडकल्यास.
दाबला, तर पानच मला विचारतं,
इथं अजून कुणी लिहिलं नाही, तुम्ही लिहिता का?

मी?
मी तर विचारायला आलेय.

खिडकीतून पिवळा हात आत येतो.
"ताई, लई वेळ करायलाव. डिझेल जळायलंय की."

दीर्घ लिहून बघते, प्रीं.
काही नाही.

मग केरबा आठवतो.
माझ्याआधी या खुर्चीत अकरा वर्षं,
आता लेकीकडं जिंतूरला, फोन कायम बंद.
तो कसा म्हणायचा, ते कानात घोळवते
आणि त्याच्या तोंडानं लिहिते :
पिरंटर.

एक पान.
"पिरंटर पावती गिळायलंय तवा".
चार ओळी, कुठं स्वल्पविराम नाही.
हळद कागदाला चिकटती
डाव्या अंगाचं झाकण काढ
रबरी रोळ ओल्या फडक्यानं पूस
अन् दमानं वाळू दे घाई करू नको

त्या पानाकडं कुठूनच वाट नव्हती.
पांदीच्या टोकाला विहीर, आणि पांद मोडलेली.
वाचणाऱ्यांची संख्या : एक.
ती मीच, आत्ताची.

रोळ पुसला. फडकं पिवळंधमक.
रक्कम बाहेर आली, पैशांसकट.

ट्रॅक्टर गेल्यावर वाटलं, नाव तेवढं नीट करावं,
"प्रिंटर : अपूर्ण छपाईवरील उपाय" असं काहीतरी.
कर्सर शीर्षकावर लुकलुकत राहिला.
उद्या या खुर्चीत कोण असेल,
आणि घाईत त्याच्या तोंडी कुठला शब्द येईल?

शीर्षक राहू दिलं.
खाली एक ओळ वाढवली,
या पानाला असंही शोधता येईल :
प्रिंटर, प्रींटर, पिंटर, अर्धी पावती,
रक्कम गायब, मशीन बिघडली,
केरबा कुठाय,
ताई डिझेल जळायलंय.